डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकताना फायलींखेरीज काय काय वाचवावे लागते?

हस्तलिखित (धागाकर्ते)

माझा लॅपटॉप अजून विंडोज १० वर चालतो. त्या आवृत्तीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि वैयक्तिक वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने देऊ केलेली वाढीव सुरक्षा-अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळणार असल्याचे जाहीर झाले आहे. यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसते, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आहे आणि प्रोसेसरही मान्य यादीतला आहे. त्यामुळे थेट अपग्रेड करता येईल. परंतु इतक्या वर्षांत टाकलेले आणि अर्धवट काढलेले प्रोग्रॅम, वापरात नसलेल्या प्रिंटरांचे ड्रायव्हर आणि सुरू होतानाच जागे होणारे डझनभर लहानमोठे घटक नव्या आवृत्तीत ओढून नेण्यापेक्षा डिस्क कोरी करून विंडोज नव्याने टाकावे, असे ठरवले आहे.

डेटा म्हणाल तर अनुवादाच्या कामाची कागदपत्रे, छायाचित्रे, आउटलुकमधील जुनी पत्रे आणि युनिकोडपूर्व (युनिकोड ही आजची प्रमाण पद्धत येण्याआधीच्या) फाँटांत टंकलेला बराच मजकूर आहे. यातील मोठा भाग डी ड्राइव्हवर असल्यामुळे तो सुरक्षित राहील, असे मी धरून चाललो आहे. याशिवाय एक बाह्य हार्ड डिस्क आहे, तिच्यावर महत्त्वाचे फोल्डर उतरवून घेईन. सेटिंग्जमधला ‘रीसेट’ पुरेसा आहे की पेनड्राइव्हवरूनच नव्याने टाकावे? आणि डिस्क पुसण्यापूर्वी काय काय पाहून घ्यावे? अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना यंत्री

डी ड्राइव्हबद्दल आधी लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होते. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशने (विभाग) असतील, तर सी फॉरमॅट केल्याने डीवरील फायली जात नाहीत, हे तत्त्वतः खरे आहे. मात्र विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये तुमच्या ओळखीची सी-डी ही अक्षरे दिसत नाहीत. तिथे दिसतात ते पार्टिशनांचे क्रमांक आणि आकार, आणि त्या यादीत यंत्र सुरू होण्यासाठी लागणारे ईएफआयचे छोटे पार्टिशन, १६ मेगाबाइटांचे राखीव पार्टिशन, रिकव्हरीचे पार्टिशन अशी एरवी लपून राहणारी मंडळीही हजर असतात. दोन मोठ्या पार्टिशनांचा आकार साधारण सारखा असेल, तर कोणते कोणते आहे हे तिथे उभे राहून ठरवणे अवघड जाते. आणि डिस्कच खराब झाली, तर सी व डी दोन्ही एकाच वेळी जातात. म्हणून डी ड्राइव्ह ही सोयीची मांडणी आहे. तिला बॅकअप म्हणता येणार नाही.

रीसेटमध्ये ‘माझ्या फायली ठेवा’ हा पर्याय निवडल्यास प्रोग्रॅम जातात आणि वापरकर्त्याची कागदपत्रे राहतात. सध्याच्या विंडोजमध्ये किरकोळ बिघाड असेल तर तो मार्ग चांगला आहे. तुम्हाला आवृत्तीच बदलायची आहे आणि जुने काहीच नको आहे; तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ गिगाबाइटांचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून इन्स्टॉल करणे योग्य. पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व काही त्यात पुसले जाते, हे वेगळे सांगायला नको.

आता माझे स्पष्ट मत. शक्य असेल तर जुनी डिस्क पुसूच नका. बहुतेक लॅपटॉपांत एसएसडी (चिपांवर साठवणारी डिस्क) बदलता येते. नवी एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज टाकावे आणि जुनी जशीच्या तशी काढून बाजूला ठेवावी. काय राहून गेले हे आठवण्यासाठी मग घाई करावी लागत नाही. यूएसबी एन्क्लोजरमध्ये (डिस्क बाहेरून जोडण्याच्या डबीत) जुनी डिस्क घालून हवी ती फाइल केव्हाही काढता येते. मदरबोर्डवरच जोडलेल्या साठवणुकीच्या यंत्रांत मात्र हा मार्ग बंद असतो.

एक सूचना डेस्कटॉपवाल्यांसाठी. यंत्रात एकाहून अधिक डिस्क असतील, तर इन्स्टॉल करताना जिच्यावर विंडोज टाकायचे तेवढीच जोडलेली ठेवा. अन्यथा इन्स्टॉलर कधी कधी बूटसाठी लागणाऱ्या फायली दुसऱ्याच डिस्कवरील विद्यमान ईएफआय पार्टिशनात ठेवतो, आणि पुढे कधीतरी ती डिस्क काढली की यंत्र सुरू होत नाही.

बिनतारी

यंत्रींच्या प्रतिसादाशी सहमत. मी धाग्याच्या शीर्षकाकडे वळतो, कारण फायली उतरवून घेणे हा भाग तुलनेने सोपा आहे. अडचण होते ती फाइलच्या रूपात समोर न दिसणाऱ्या गोष्टींची.

पहिली गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची. तुमच्या सध्याच्या डिस्कवर एन्क्रिप्शन चालू आहे का, हे आजच पाहा. पुष्कळ लॅपटॉपांवर ते मालकाच्या नकळत चालू झालेले असते. चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन आहे का, आणि त्या खात्यात दुसऱ्या यंत्रावरून शिरता येते का, याची खात्री करून ती कागदावरही उतरवून घ्यावी. जुनी डिस्क काढून एन्क्लोजरमध्ये घालणार असाल तर तिच्यावाचून एकही फाइल उघडणार नाही. यंत्र सुरू करणाऱ्या बायोसमधील सेटिंग बदलतानाही यंत्र अचानक ही की मागू शकते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की एन्क्रिप्शन आपोआप चालू होते, त्यामुळे नव्या डिस्कची कीही वेगळी जपून ठेवावी लागेल.

दुसरी गोष्ट ब्राउझरमधील पासवर्डांची. क्रोमचे प्रोफाइल फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवले की सगळे परत येईल, असा समज आहे. बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. ते जुन्या विंडोजमधील वापरकर्ता-खात्याशी बांधलेल्या किल्लीने बंद केलेले असतात, आणि ती किल्ली त्या विंडोजबरोबरच संपते. म्हणून एकतर सिंक (खात्यामार्फत आपोआप होणारी जुळवणी) चालू करा किंवा पासवर्ड आधीच बाहेर काढून पासवर्ड मॅनेजरमध्ये भरा. फायरफॉक्सचे तसे नाही. त्याच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये पासवर्ड आणि त्यांची किल्ली दोन्ही असतात, त्यामुळे पूर्ण फोल्डर नेल्यास सर्व काही परत मिळते. याचाच दुसरा अर्थ असा की ते फोल्डर ज्याच्या हाती लागेल त्यालाही ते मिळते. प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल तर तो बॅकअप उघड्यावर ठेवू नये.

आउटलुकबद्दल: खाते पॉप पद्धतीचे (पत्रे सर्व्हरवरून उतरवून घेणारे) असेल, तर पत्रे पीएसटी फाइलमध्ये तुमच्या डिस्कवरच आहेत आणि बहुधा इतर कुठेही नाहीत. ती फाइल आउटलुक बंद करून मगच कॉपी करा. ओएसटी फाइल दिसली, तर ती सर्व्हरवरील पत्रांची स्थानिक प्रत असते. नव्याने खाते जोडले की ती पुन्हा तयार होते, तिच्यामागे धावू नये.

विंडोजच्या परवान्याची काळजी सहसा करावी लागत नाही. विंडोज ८ पासून तयार यंत्रांची की फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरील अंगभूत प्रणालीत) असते, आणि एकदा सक्रिय झालेल्या यंत्राचा डिजिटल परवाना त्याच्या हार्डवेअरशी जोडला जातो. इन्स्टॉलरने की मागितल्यास ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय घ्यावा आणि होम की प्रो, ही आवृत्ती तेवढी पूर्वीचीच निवडावी. विकत घेतलेल्या इतर प्रोग्रॅमांचे असे नसते. ज्यांचा परवाना ठराविक यंत्रांपुरताच असतो, ते जुन्या विंडोजमधून आधी निष्क्रिय करावे लागतात.

तुम्ही युनिकोडपूर्व फाँटांचा उल्लेख केला आहे, तो फार महत्त्वाचा. कागदपत्र सुरक्षित राहिले आणि फाँट गेला, तर हाती फक्त रोमन अक्षरांचा खच येतो. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून, आणि वापरकर्त्यापुरते टाकलेले फाँट जिथे वेगळे साठतात त्या ॲपडेटा फोल्डरमधूनही, ते सर्व उतरवून घ्या. ॲपडेटा एरवी लपवलेले असते. स्टिकी नोट्स, वर्डचा स्वतःचा शब्दकोश, अनेक प्रोग्रॅमांची सेटिंग्ज तिथेच असतात. अनुवादासाठी ट्रान्सलेशन मेमरी (आधी अनुवादलेल्या वाक्यांचा साठा) वापरत असाल, तर ती नेमकी कोणत्या फोल्डरमध्ये साठते हे त्या प्रोग्रॅममध्येच शोधा.

शेवटचा बाक

इतके सगळे करण्याची खरोखर गरज आहे का? माझे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हमध्ये आहेत. नव्या यंत्रावर खाते उघडले की सगळे आपोआप हजर होते. सामान्य वापरकर्त्याला याहून अधिक काही सांगितले, तर तो काहीच करत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

जुना यंत्री

तुमचे शेवटचे वाक्य मला मान्य आहे, आणि काहीच नसण्यापेक्षा वनड्राइव्ह केव्हाही बरे. पण सिंक आणि बॅकअप यांत मूलभूत फरक आहे. सिंकचे काम सर्व प्रती एकसारख्या ठेवणे हे आहे. तुम्ही इथे फाइल खोडली की ती तिथेही खोडली जाते. इथे फाइल बिघडली की बिघडलेली प्रत तिथे जाते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात खोडलेल्या फायली रीसायकल बिनमध्ये ३० दिवस राहतात. त्यानंतर लक्षात आलेल्या चुकीला उपाय नाही, आणि बऱ्याच चुका त्यानंतरच लक्षात येतात.

दुसरी बाब अशी की वनड्राइव्हमध्ये जागा वाचवण्यासाठी पुष्कळ फायली केवळ ऑनलाइन ठेवलेल्या असतात. एक्सप्लोररमध्ये त्या दिसतात, त्यांच्यापुढे ढगाचे चिन्ह असते, पण डिस्कवर मजकूर नसतो. इंटरनेट बंद असताना ते फोल्डर बाह्य डिस्कवर उतरवायला गेल्यास कॉपी होताना चुका येतात. धागाकर्त्यांनी बॅकअप घेण्यापूर्वी त्या फोल्डरवर ‘या यंत्रावर नेहमी ठेवा’ हा पर्याय लावून सगळे उतरेपर्यंत थांबावे. आणि तुमच्या मांडणीत वनड्राइव्हमध्ये फक्त ते तीन फोल्डर जातात. डी ड्राइव्ह त्यात नाही, ॲपडेटा नाही, फाँट नाहीत.

तिसरी बाब खंडणीखोर प्रोग्रॅमांची. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने यंत्रातील डिस्कबरोबर त्या क्षणी जोडलेल्या बाह्य डिस्कही कुलूपबंद केल्या, आणि विंडोजने आपणहून ठेवलेल्या शॅडो प्रतीही (फायलींच्या आधीच्या आवृत्त्या) खोडल्या. म्हणून निदान एक प्रत अशी हवी की जिची केबल एरवी काढलेली असते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: डेटाच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. धागाकर्त्यांच्या बाबतीत पहिली प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाह्य डिस्कवर आणि तिसरी वनड्राइव्हवर, असे धरले तर नियम पाळला जातो. तेव्हा वनड्राइव्ह सोडा असे मी म्हणत नाही. त्याला तिसरी प्रत माना, एकमेव प्रत मानू नका.

शेवटचा बाक

ढगाच्या चिन्हाचा मुद्दा खरा आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. बाकी माझे मत कायम: जे रोज आपोआप होते तेच टिकते. केबल काढून ठेवलेली डिस्क पुन्हा जोडण्याची आठवण किती जणांना राहते?

टर्मिनलवाला

मी लिनक्स वापरतो, तरी प्रश्न तेच असतात, म्हणून लिहितो. लिनक्समध्ये होम फोल्डर स्वतंत्र पार्टिशनवर ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे नवी आवृत्ती टाकताना मूळ पार्टिशन फॉरमॅट करून होमला हात न लावता तेच पुन्हा जोडता येते, आणि प्रोग्रॅमांची सेटिंग्जही बहुतांशी तिथेच असल्याने परत मिळतात. मात्र यंत्रींनी डी ड्राइव्हबद्दल जे लिहिले, ते इथेही लागू आहे. टाइमशिफ्ट नावाचे साधन अनेक जण बॅकअप म्हणून चालू ठेवतात. ते मुळात प्रणालीच्या फायलींसाठी आहे आणि होममधील कागदपत्रे आपणहून वगळते, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते.

कॉपी करण्याच्या साधनांविषयी एक सावधगिरीची सूचना. आरसिंकमधील डिलीट हा पर्याय आणि विंडोजच्या रोबोकॉपीमधील मिरर हा पर्याय, दोन्ही उद्दिष्ट फोल्डर मूळ फोल्डरसारखे हुबेहूब करतात, म्हणजेच मुळात जे नाही ते उद्दिष्टातून खोडून टाकतात. आज्ञा लिहिताना मूळ आणि उद्दिष्ट यांची अदलाबदल झाली, तर नव्याने इन्स्टॉल केलेल्या यंत्रावरील रिकामे फोल्डर तुमच्या एकमेव बॅकअपवर निष्ठेने उतरवले जाते. परत आणण्याच्या वेळी हे पर्याय वापरूच नयेत. आरसिंकमध्ये काहीही प्रत्यक्ष न बदलता काय होईल ते दाखवणारी सोय आहे. तिचा निकाल आधी वाचावा.

नियमित बॅकअपसाठी मी रेस्टिक सुचवीन. तो विंडोजवरही चालतो. तो प्रत्येक वेळची स्थिती स्वतंत्र स्नॅपशॉट म्हणून ठेवतो, बदललेला भागच नव्याने साठवतो आणि सर्व काही एन्क्रिप्ट करतो. त्याचा पासवर्ड हरवला तर बॅकअप उघडण्याचा कोणताही मार्ग नाही, म्हणून तो पासवर्ड त्याच लॅपटॉपवरील फाइलमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. आज्ञा टंकण्याची सवय नसेल, तर विंडोजमधील फाइल हिस्टरी अजूनही कंट्रोल पॅनेलमध्ये आहे आणि ती जुन्या आवृत्त्याही जपते. डिस्क नंतर जोडली तरी ती आपोआप पुढे चालू होते, त्यामुळे शेवटचा बाक यांच्या आक्षेपाचा अर्धा भाग तरी निकालात निघतो. मात्र डीवरील फोल्डर ती आपोआप घेत नाही.

अभ्यागत सात

बॅकअप घेतला, आता तो चांगला आहे हे ओळखायचे कसे? माझ्या बाह्य डिस्कवर कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश येतो, तेवढ्यावर विसंबावे का?

बिनतारी

विसंबू नये. कॉपी झाल्याचा संदेश एवढेच सांगतो की लिहिताना चूक आढळली नाही. जे लिहायला हवे होते ते सगळे यादीत होते की नाही, हे तो सांगत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण गिटलॅब या कंपनीचे आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याने आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत असे समजून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरील फोल्डर खोडायला घेतले. चूक लक्षात येऊन आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी ४.५ गिगाबाइट उरले होते. बॅकअपच्या अनेक व्यवस्था कागदावर होत्या. पण रोजचा डेटाबेस-बॅकअप घेणारे साधन डेटाबेसशी न जुळणाऱ्या जुन्या आवृत्तीचे असल्याने तो बॅकअप तयारच होत नव्हता, आणि त्या अपयशाची सूचना देणारी पत्रे टपाल सर्व्हरकडून नाकारली जात होती. शेवटी सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला. कंपनीने हे सर्व स्वतःच प्रसिद्ध केले, म्हणून आपल्याला एवढ्या तपशिलाने माहीत आहे. त्या व्यवस्थांतून डेटा परत आणून पाहण्याची जबाबदारी कोणा एकावर सोपवलेलीच नव्हती.

घरच्या वापरासाठी इतके करावे: बाह्य डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडावी. दोन्हीकडील फायलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा. मग प्रत्येक प्रकारच्या काही फायली प्रत्यक्ष उघडाव्यात: एखादा मोठा व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे नेऊन, एखादी झिप फाइल पूर्ण उलगडून, पीएसटी फाइल आउटलुकमध्ये जोडून. ज्यांना अधिक खात्री हवी त्यांनी महत्त्वाच्या फायलींचे एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळख-संख्या) दोन्हीकडे काढून ताडावेत. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयूटिल ही आज्ञा अंगभूत आहे. त्याच यंत्रावर तपासण्यात एक फसगत आहे. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, फाँट, परवाने सारे तिथे आधीच हजर असतात, त्यामुळे तिथे उघडणारी फाइल कोऱ्या यंत्रावर उघडेलच असे नाही.

जुना यंत्री

वरील प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. इन्स्टॉलच्या दिवशी अडवणाऱ्या दोन गोष्टी राहिल्या होत्या, त्या लिहितो.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय चालू असते, आणि अशा यंत्रावर इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. पार्टिशनांची यादी रिकामी येते. डिस्क मेली असे समजून घाबरू नये. उत्पादकाच्या संकेतस्थळावरील रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उलगडून पेनड्राइव्हवर ठेवावा आणि ‘ड्रायव्हर लोड करा’ या बटणाने तो द्यावा. तसेच वायफायचा ड्रायव्हर नव्या विंडोजला ओळखू आला नाही, तर इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, असा पेच पडतो. तोही आधीच उतरवून ठेवावा.

पेनड्राइव्ह हाताने तयार करणाऱ्यांसाठी: यूईएफआयला (यंत्र सुरू करणाऱ्या प्रणालीला) पेनड्राइव्हवर फॅट३२ ही मांडणी लागते आणि फॅट३२ वर ४ गिगाबाइटांहून मोठी फाइल मावत नाही. आयएसओमधील (विंडोजच्या इन्स्टॉल-प्रतिमेतील) मुख्य फाइल कधी कधी त्याहून मोठी असते. मीडिया क्रिएशन टूल वापरल्यास ही अडचण येत नाही.

हस्तलिखित

सर्वांचे मनापासून आभार. चर्चा वाचून योजना बदलली आहे. नवी एसएसडी मागवली असून जुनी काढून ठेवणार आहे. बिटलॉकर तपासले, तर ते खरोखरच चालू निघाले. की खात्यात सापडली आणि ती लिहून घेतली. बाह्य डिस्कवर घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली असता सर्व कागदपत्रे उघडली, पण जुन्या फाँटांतील मजकूर बिनतारी यांनी म्हटल्याप्रमाणे वाचता येईना. फाँट आता स्वतंत्रपणे उतरवून त्या संगणकावर टाकले आणि मजकूर दिसू लागला. ट्रान्सलेशन मेमरीही ॲपडेटामध्येच निघाली.

शेवटचा प्रश्न. जुनी डिस्क किती काळ न पुसता ठेवावी? थेट अपग्रेड केल्यास जुनी प्रणाली विंडोज.ओल्ड या फोल्डरमध्ये १० दिवस राहते, असे वाचले. तेवढा काळ पुरेसा मानावा का?

जुना यंत्री

ती १० दिवसांची मुदत डिस्कवरील जागा मोकळी व्हावी म्हणून आहे. तुमची आठवण त्या वेळापत्रकाने चालत नाही. रोज लागणाऱ्या गोष्टी पहिल्या आठवड्यातच लक्षात येतात. राहून जाते ते वर्षातून एकदाच उघडले जाणारे काहीतरी: कराच्या विवरणासाठी लागणारे डिजिटल प्रमाणपत्र, वार्षिक हिशेबाची फाइल, क्वचित वापरला जाणारा स्कॅनरचा प्रोग्रॅम. म्हणून वर्षभराचे कामाचे एक चक्र पूर्ण होईपर्यंत ती ठेवावी. मात्र तिला दीर्घकालीन साठवण मानू नये. वीज न मिळता पडून राहिलेल्या एसएसडीतील विद्युतभार हळूहळू कमी होतो, आणि फार वापरलेल्या एसएसडीत तो अधिक लवकर कमी होतो. वर्षानुवर्षे जपायच्या फायली नियमित बॅकअपमध्येच असायला हव्यात.

आणि आता तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात एकाच लॅपटॉपच्या नावावर दोन रिकव्हरी की दिसू लागतील, एक जुन्या डिस्कची आणि एक नव्या डिस्कची. कुलूप उघडताना पडद्यावर कीचा ओळख क्रमांक दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरे खात्यातील नोंदीशी जुळवून पाहावीत, आणि जुन्या डिस्कच्या वेष्टनावर तेवढी आठ अक्षरे व काढल्याची तारीख लिहून ठेवावी. पूर्ण की तिथे लिहू नये.